प्यादे एक घर की दोन?

१/
सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाड़ी' हा चित्रपट १९७७ साली आला. त्यात मुन्शी नंदलाल हे पात्र लखनौच्या दोन खेळवेड्या नवाबांना इंग्रजांच्या बुद्धिबळाचे नियम समजावून सांगते. त्या पद्धतीत प्यादे पहिल्याच खेळीत दोन घरे जाते, वजिराच्या जागी राणी असते आणि डाव लवकर संपतो. नवाबांना ते सारे काहीसे घाईचे वाटते. चित्रपटाच्या अखेरीस अवधचे राज्य गेलेले असते आणि ते दोघे त्याच इंग्रजी पद्धतीने पुन्हा पट मांडतात. प्रेमचंदांच्या मूळ कथेत हे काही नाही. ती जोड राय यांची. मात्र त्या जोडीमागे एक खराखुरा इतिहास आहे आणि त्यातला मोठा भाग महाराष्ट्रात घडला.

२/
खेळाची 'नवी आवृत्ती' स्वीकारावी की जुनीच चालू ठेवावी, हा प्रश्न आजच्या वाचकांना भूमिका घेऊन खेळायच्या खेळांमुळे परिचित आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे पहिले नियम १९७४ साली छापले गेले. २००८ साली चौथी आवृत्ती आली, तेव्हा असंख्य गटांनी ती नाकारली. पुढच्याच वर्षी जुन्या नियमांवर बेतलेला 'पाथफाइंडर' हा वेगळा खेळ बाजारात आला आणि जुन्या पद्धतीचे लोक तिकडे वळले. पाचवी आवृत्ती २०१४ ची, तिची सुधारणा २०२४ ची. प्रत्येक वेळी वाद तोच. बुद्धिबळाने हाच वाद सुमारे दीडशे वर्षे भोगला, फरक इतकाच की त्यात नियमांची मालकी कोणत्याही कंपनीकडे नव्हती.

३/
आधी जुनी आवृत्ती समजून घेऊ. तिला सोयीसाठी 'देशी बुद्धिबळ' म्हणता येईल. पट तोच, चौसष्ट घरांचा. मोहरी तीच: राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादी. फरक तीन-चार नियमांचा, पण ते नियम डावाचा आत्मा बदलून टाकणारे होते.

४/
पहिला फरक प्याद्याच्या चालीचा. देशी पद्धतीत प्यादे नेहमी एकच घर पुढे जाई, पहिल्या खेळीतसुद्धा. त्यामुळे दोन्ही सैन्ये समोरासमोर यायला वेळ लागे. हा संथपणा टाळण्यासाठी काही ठिकाणी सुरुवातीलाच प्रत्येकाने ठरावीक संख्येने खेळ्या एकदम करून घ्याव्यात, असा संकेत होता. युरोपीय पद्धतीत प्यादे दोन घरे उडी घेऊ शकते, म्हणून शेजारून निसटून जाणाऱ्या प्याद्याला वाटेतच मारण्याचा एक विशेष नियम त्यांना करावा लागला. देशी खेळात उडीच नव्हती, तेव्हा त्या नियमाची गरजही नव्हती.

५/
दुसरा फरक राजाच्या संरक्षणाचा. राजा आणि हत्ती यांची एकाच खेळीत जागा बदलणारी युरोपीय चाल देशी खेळात नव्हती. त्याऐवजी राजाला संपूर्ण डावात एकदाच घोड्याप्रमाणे अडीच घरे जाण्याची मुभा असे, तीही तोवर त्याला शह लागलेला नसेल तर. एकदा शह बसला की सवलत संपली. म्हणूनच प्रतिस्पर्ध्याच्या राजाला लवकर एक शह देऊन ठेवणे, त्यातून लगेच काही हाती लागले नाही तरी, फायद्याचे ठरे.

६/
तिसरा फरक सर्वांत खोल आहे. प्यादे शेवटच्या ओळीत पोहोचले की युरोपीय नियमाने त्याचे हवे ते मोहरे करता येते. बहुतेक वेळा वजीरच केला जातो. देशी नियमाने ते ज्या उभ्या ओळीत पोहोचले, त्या ओळीचे मूळ मोहरे होई. हत्तीच्या ओळीत हत्ती, घोड्याच्या ओळीत घोडा, उंटाच्या ओळीत उंट. राजाच्या व वजिराच्या ओळीत मात्र वजीर. शिवाय ते मोहरे आधी मारले गेलेले असावे लागे.

७/
याचा परिणाम काय होतो, हे एका उदाहरणाने पाहावे. पटावर दोन राजे आणि एकच प्यादे उरले आहे. युरोपीय पद्धतीत प्रश्न एकच: प्यादे टोकाला पोहोचते का? पोहोचले तर डाव जिंकला. देशी पद्धतीत पोहोचूनही उपयोग होईलच असे नाही. उंटाच्या ओळीतले प्यादे उंट होईल, आणि राजा व एकटा उंट मिळून मात करू शकत नाहीत. घोड्याचेही तेच. म्हणजे एक प्यादे जास्त असणे पुरेसे नाही. ते कोणत्या ओळीत आहे, हे डावाच्या मध्यापासूनच लक्षात ठेवावे लागे. एखादे मोहरे मारताना प्यादे शेजारच्या ओळीत सरकते, तेव्हा त्याचे भवितव्यही बदलते. देशी खेळाडूचा हिशेब या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक गुंतागुंतीचा होता.

८/
त्यात आणखी एक भर. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला, त्याची सर्व मोहरी संपली, तर अनेक ठिकाणी डाव बरोबरीत सुटे. म्हणून जिंकणाऱ्याला सगळे मारत सुटणे परवडत नसे. शत्रूचे एखादे प्यादे जिवंत ठेवून मात करायची. प्याद्याने मात करणे तर विशेष मानाचे. आजच्या खेळाडूला हे अवघड शिष्टाचार वाटतील. त्या खेळाडूंना तोच खेळ वाटत होता.

९/
(प्याद्याने आपल्या जन्मओळीचेच मोहरे व्हावे, या नियमात वर्णव्यवस्थेचे प्रतिबिंब पाहण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. एक तर प्यादे मारामारीत ओळ बदलू शकते. दुसरे असे की मारल्या गेलेल्या मोहऱ्यांपैकीच एक घ्यावे, ही अट युरोपातही दीर्घकाळ वादाचा विषय होती आणि फिलिडोरसारखा अठराव्या शतकातला श्रेष्ठ खेळाडू त्या अटीच्या बाजूने होता.)

१०/
'जुनी आवृत्ती' म्हटले म्हणून ती प्राचीन काळापासून अचल होती, असेही समजू नये. मूळच्या शतरंजमध्ये वजीर हे दुबळे मोहरे होते. तिरके एकच घर चाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याची बलाढ्य राणी झाली, उंटाच्या चालीची लांबी वाढली. हे बदल पुढे हिंदुस्थानातही रुजले. एकोणिसाव्या शतकातला आपला वजीर युरोपीय राणीइतकाच ताकदवान होता. म्हणजे आपल्याकडच्या खेळाडूंनी नवी आवृत्ती अर्धी स्वीकारली आणि अर्धी नाकारली. वजिराची झेप घेतली, प्याद्याची उडी नाही.

११/
लिखित परंपरेत मराठी माणसांचा हात बराच जुना आहे. मूळ पैठणच्या, पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' हा धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ रचला. त्यातल्या 'नीतिमयूख' या भागात बुद्धिबळाचे वर्णन येते, आणि घोडा पटावरच्या प्रत्येक घरात एकेकदाच कसा फिरवावा, याचे कोडेही. राजनीतीच्या ग्रंथात खेळाला जागा मिळावी, हे त्या काळच्या दृष्टीने स्वाभाविकच होते.

१२/
आता या थ्रेडमधला सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, पेशव्यांच्या आश्रयाने, तिरुवेंगडाचार्य शास्त्री या दाक्षिणात्य पंडिताने 'विलासमणिमंजरी' हा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. १८१४ साली मुंबईत त्याचे इंग्रजी रूप छापले गेले. त्याच्या शीर्षकातच स्पष्ट म्हटले आहे की हे निबंध युरोपीय खेळपद्धतीला अनुरूप करून घेतले आहेत.

१३/
त्या शीर्षकाशी क्षणभर थांबावे. पेशवाई अजून उभी आहे. खडकीची लढाई व्हायला तीन वर्षे बाकी आहेत. आणि पेशव्यांच्या आश्रयातून निघालेला खेळाचा ग्रंथ आधीच नव्या आवृत्तीच्या भाषेत उतरला आहे. हे शरणागतीचे लक्षण मानावे काय? तसे म्हणण्यास आधार नाही. संस्कृत ग्रंथ एका वाचकवर्गासाठी, इंग्रजी पुस्तक दुसऱ्या. मुंबईतल्या इंग्रज ग्राहकाला देशी नियमांतले डावपेच सोडवून दाखवण्यात रस नसणार, हे उघड होते. एकच विद्या दोन नियमांत चालते, हे त्या पुस्तकाने सिद्ध केले. पुढच्या दीडशे वर्षांचा सगळा पेच मात्र त्या शीर्षकात सामावलेला आहे: ज्याच्याशी खेळायचे आहे, त्याचे नियम घ्यावे लागतात.

१४/
एकोणिसाव्या शतकात देशी नियमही पुस्तकांत उतरू लागले. औरंगाबादच्या पंडित हरिकृष्ण शर्मांनी १८७१ च्या सुमारास संस्कृतात 'क्रीडाकौशल्य' लिहिले आणि त्यात बुद्धिबळासह अनेक बैठ्या खेळांची माहिती दिली. १८९३ साली विनायक राजाराम टोपे यांचे 'बुद्धिबळक्रीडा' हे मराठी पुस्तक आले. बुद्धिबळाचा प्रख्यात इतिहासकार एच. जे. आर. मरे याने हिंदुस्थानी नियमांची माहिती जुळवताना अशा देशी साधनांचा उपयोग केला. तरीही बहुसंख्य खेळाडूंचे नियम छापील नव्हतेच. ते वडिलांकडून मुलाकडे, पारावरून ओसरीवर तोंडीच जात.

१५/
तोंडी नियमांची अडचण सीमेवर कळते. यवतमाळ जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. पूर्वेला वर्धा नदी, तिच्यापलीकडे १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचे राज्य. दक्षिणेला पैनगंगा, पलीकडे निजामाचा मुलूख. हा भाग स्वतः निजामाच्या वऱ्हाडाचा, पण १८५३ च्या तहाने इंग्रजी कारभाराखाली गेलेला. जिल्ह्याचे नावसुद्धा स्थिर नव्हते. आधी वणीचा जिल्हा, १९०५ पासून यवतमाळ. अशा मुलखात कापसाच्या निमित्ताने चारी दिशांचे लोक एकत्र आले आणि पट मांडला, तर पहिला प्रश्न 'पांढरी कोणाची?' हा नसून 'तुमच्याकडे कसे खेळतात?' हाच असणार. देशी बुद्धिबळाचे प्रांतागणिक पाठभेद होते. दोघे खेळाडू डावापूर्वी पाच मिनिटांत तडजोड करीत आणि खेळ सुरू होई. दोघांपुरते हे अगदी पुरेसे होते.

१६/
दोघांऐवजी पन्नास जण आले की मात्र पुरेसे राहत नाही. स्पर्धेला एकच नियमावली लागते. ही गरज फक्त आपल्याकडेच होती असे नाही. इटलीतही एकोणिसाव्या शतकात स्वतःचे नियम होते. राजा-हत्तीची चाल तिथे अधिक मोकळी होती आणि वाटेतल्या प्याद्याला मारण्याचा नियम ते मानत नसत. १८८० च्या सुमारास त्यांनी ते सोडून बाकीच्या युरोपशी जुळवून घेतले. म्हणजे इटालियन खेळाडूंनाही 'आपला खेळ' सोडावा लागला होता. आपल्याकडे या प्रश्नाला पारतंत्र्याची धार होती, तिथे नव्हती, हा फरक खरा. पण यंत्रणा एकच.

१७/
पूर्वेकडे, कलकत्त्यात, एक वेगळेच उत्तर सापडले होते. जॉन कॉक्रेन हा बॅरिस्टर आपल्या काळातला जोरदार खेळाडू. त्याला ग्रामीण भागात राहणाऱ्या एका अजिंक्य ब्राह्मणाची कीर्ती कळली. त्याचे नाव महेशचंद्र बॅनर्जी. १८४८ पासून पुढे सुमारे बारा वर्षे दोघे शेकडो डाव खेळले, आणि तेही युरोपीय नियमांनी. महेशचंद्रांनी नियम बदलले. सवयी बदलल्या नाहीत. प्यादे दोन घरे जाऊ शकत असतानाही ते अनेकदा एकच घर सरकवत, घोड्यासमोरचे प्यादे एक घर पुढे करून उंट त्यामागे कोपऱ्यातून रोखून धरीत. युरोपला हे विचित्र वाटले. पुढे मात्र याच ढंगाच्या सुरुवातींना 'इंडियन डिफेन्स' हे नाव पडले आणि विसाव्या शतकात जगातले श्रेष्ठ खेळाडू त्या खेळू लागले. आज ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी सुरुवात महेशचंद्रांच्या १८५५ सालच्या एका डावात नोंदलेली आहे.

१८/
सर्वांची सोय इतकी छान लागली नाही. मीर सुलतान खान पंजाबातले. वडिलांकडून देशी खेळ शिकलेले. उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी होते. १९२८ साली त्यांनी अखिल भारतीय अजिंक्यपद जिंकले आणि १९२९ साली धन्याबरोबर लंडनला गेले. त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद. पुढे १९३२ आणि १९३३ लाही. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी विश्वविजेता कापाब्लांका याला हरवले. डावाची सुरुवात ही त्यांची कायमची दुखरी बाजू राहिली, कारण प्यादे एक घर चालणाऱ्या खेळात वाढलेल्या माणसाला दोन घरांच्या सुरुवाती प्रौढपणी शिकाव्या लागल्या. मधला आणि अखेरचा खेळ मात्र अफाट. १९३३ नंतर ते परतले आणि स्पर्धांमधून नाहीसे झाले. (त्याच घरातल्या फातिमा यांनी १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले. त्यांच्याबद्दल कितीतरी कमी लिहिले जाते.) जागतिक बुद्धिबळ संघटनेने सुलतान खान यांना मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ साली, मृत्यूनंतर सुमारे अठ्ठावन्न वर्षांनी.

१९/
ती जागतिक संघटना, फिडे, १९२४ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली होती आणि १९२९ साली तिने पहिली अधिकृत नियमावली केली. यानंतर प्रश्नाचे स्वरूपच बदलले. आता 'इंग्रजी' विरुद्ध 'देशी' असा सामना नव्हता. एका बाजूला आंतरराष्ट्रीय नियम होते आणि दुसऱ्या बाजूला प्रांताप्रांतांत विखुरलेले पाठभेद. देशी बुद्धिबळाची एकच प्रमाण नियमावली ठरवून ती जगापुढे मांडणारी संस्था उभी राहिली नाही. हा पराभव पटावर झाला नाही, कार्यालयात झाला. कबड्डीचे याच्या उलट घडले. तिचेही प्रांतागणिक प्रकार होते; पण महाराष्ट्रातल्या क्रीडासंस्थांनी बसून नियम एक केले, आणि १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये देशी खेळांचे प्रदर्शन घडवले. यवतमाळच्या शेजारच्याच जिल्ह्यातली ही संस्था. बुद्धिबळाला असे मंडळ लाभले नाही. लाभले असते तरी कदाचित उशीर झाला असता, कारण बुद्धिबळात जगाकडे तयार नियम होते आणि कबड्डीत नव्हते.

२०/
१९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५५ साली आंध्रातल्या एलुरू येथे झाली. तीत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, भारताचा संघ मॉस्कोच्या ऑलिंपियाडमध्ये उतरला. निर्णय झाला होता. तरी गावोगावी देशी खेळ चालूच राहिला. १९६० च्या दशकापर्यंत त्याचा प्रभाव मोठा होता. १९६१ साली भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झालेले मॅन्युएल ॲरन यांना आंतरराष्ट्रीय पद्धत देशात रुजवण्याचे बरेच श्रेय दिले जाते.

२१/
या निर्णयाची किंमत कोणी मोजली? ज्यांचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते त्यांनी. प्यादे कोणत्या ओळीत न्यायचे, शत्रूचे कोणते मोहरे जिवंत ठेवायचे, राजाची एकुलती उडी केव्हा खर्च करायची, या विद्येत आयुष्य घालवलेल्या माणसाची विद्या एका ठरावाने बिनकामाची झाली. त्यांचे डाव बहुधा लिहून ठेवलेलेच नाहीत. भूमिका घेऊन खेळायच्या खेळात जुने पुस्तक कपाटात राहते आणि पाच मित्र ते केव्हाही पुन्हा उघडू शकतात. तोंडी खेळाचे पुस्तक म्हणजे माणूसच. तो गेला की आवृत्ती संपली.

२२/
आणि लाभ? तोही डोळ्यांआड करता येत नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालवले आणि एका जिल्ह्याच्या गावातून राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू घडले. १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा बंगळुरूला झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी पुढे त्याच वाटेने गेल्या. या मुलींना जुनी आवृत्ती विसरावी लागली नाही. त्या नव्या आवृत्तीतच वाढल्या. ओसरीवरच्या खेळात स्त्रियांना फारशी जागा नव्हती, छापील नियमांच्या स्पर्धेत ती निदान मागता येत होती. २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. हे देशी नियमांच्या जगात घडू शकले नसते, कारण त्या जगाला बाटुमीपर्यंत जाणारा रस्ताच नव्हता.

२३/
भाषेने मात्र आपला सौदा वेगळा केला. नियम युरोपचे घेतले, पण 'बिशप' आपल्याकडे उंटच राहिला, 'क्वीन' वजीरच राहिली. राजा-हत्तीच्या परदेशी चालीला मराठीने 'किल्लेकोट' हे स्वतःचे नाव दिले. हा शब्द इतका घरचा वाटतो की ती चाल बाहेरून आली, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही.

२४/
आणि घरात जुनी आवृत्ती अजून पुरती मेलेली नाही. पहिल्या खेळीत दोन प्यादी एकेक घर सरकवायची, किंवा प्यादे टोकाला गेले की त्या घरचे मोहरे घ्यायचे, असे खेळणारी घरे आजही भेटतात. अशा घरात आजोबांकडून शिकलेले मूल पहिल्यांदा मानांकन स्पर्धेला बसते, सवयीने दोन प्यादी एकदम पुढे करते आणि घड्याळ दाबते. प्रतिस्पर्धी हात वर करतो. पंच येतात, प्यादे मागे घ्यायला लावतात आणि प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळात दोन मिनिटे वाढवतात. दुसऱ्यांदा तीच चूक झाली तर डाव गेला.